अमरदादची बारा तारीख

युसूफ वडगावच्या पेठेत उमाबाईंचं किराणा दुकान आहे. वय नव्वदीच्या घरात, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं या आपल्यावर चिडल्यात. त्या चिडलेल्या नसतात. दुकान आता नात शिवकन्या सांभाळते, पण दारातली लोखंडी खुर्ची उमाबाईंची. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली, सगळं त्या खुर्चीतून दिसतं. मी लग्न होऊन या गावात आले त्याला चोवीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून साखर, पोहे, काडेपेट्या आणल्या. त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, हे यंदा कळलं.

निमित्त झालं माझ्या मुलीचं. तेजश्रीचा परभणीला पशुवैद्यकीयला नंबर लागला. दहा वर्षांची असल्यापासून गाय व्यायला लागली की ही गोठ्यात जाऊन बसायची, त्यामुळं नंबर लागला तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही, आनंद झाला. जागा राखीव होती. जातीचा दाखला मिळाला होता, पण त्याची वैधता समितीकडून ठरलेल्या तारखेच्या आत आणून द्यायची होती. नाही दिली तर जागा गेली.

पुरावा म्हणून आमच्याकडं एकच भक्कम कागद होता. तेजश्रीचे आजोबा, म्हणजे माझे सासरे सुंदरराव, लहानपणी मामाकडं धारूरला शिकायला होते. गेल्या दोन-तीन वर्षांत गावोगाव निजामाच्या काळातली दप्तरं उघडली गेली, तेव्हा तिथल्या एका जुन्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे मुलं आली-गेली त्याच्या नोंदवहीत, त्यांचं नाव सापडलं. दप्तर सगळं उर्दूत. नाव, बापाचं नाव, गाव, आणि कौमच्या, म्हणजे जातीच्या रकान्यात कुणबी. आमचे हे, आदिनाथ, त्या दिवशी नक्कल घेऊन आले तेव्हा सातवीच्या पोरासारखे पायरीवरून उड्या मारत आले. केजला मैनोद्दीन सर म्हणून उर्दू शाळेतले शिक्षक आहेत, ते अशा कागदांची भाषांतरं करून शिक्का मारून देतात. त्यांच्याकडून भाषांतर केलं, फाईल दिली, आणि मी त्या फाईलीच्या चार झेरॉक्स काढून घरात चार वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. हे मला हसले. मी म्हटलं, हसा.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. सुंदररावांच्या सातवीच्या दाखल्यावर जन्म १९३२ चा आहे, शाळेतला प्रवेश मात्र १९२८ सालचा दिसतो. जन्माआधी चार वर्षं मुलगा शाळेत कसा गेला? म्हणजे रजिस्टरातला सुंदरराव वेगळा असला पाहिजे. याचा खुलासा नऊ दिवसांनंतरच्या सुनावणीत करावा.

मी ते पत्र किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. भाषांतरात लिहिलं होतं, प्रवेश दिनांक १२, महिना अवाचनीय, सन १३४७, म्हणजे इसवी सन १९२८. मी मोबाईलवर हिजरी १३४७ शोधलं. बरोबर १९२८ आलं. आदिनाथ म्हणाले, दादांनी वय चोरलं असेल, त्या काळी चोरायचे. मी म्हटलं, चोरायचे ते वर्ष-दोन वर्षं. सहा वर्षांचं पोर म्हणून शाळेत घातलं असेल तर दहा वर्षं चोरली म्हणायची. तेजश्रीनं कपडे भरून ठेवलेली बॅग माळ्यावर टाकली. त्या बॅगेचा आवाज मला फार लागला.

दुसऱ्या दिवशी मी उमाबाईंच्या दुकानात का गेले ते आधी सांगते. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा हैदराबादहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्यात उर्दू वर्तमानपत्रं असायची. उमाबाई पुडी बांधायच्या आधी कागद हातात धरून थोडं थांबायच्या. मला घाई असायची, मागे सासू वाट बघत असायची, म्हणून मला ते थांबणं लक्षात राहिलं. तेव्हा मला वाटलं, चित्रं बघतात. मग केव्हातरी लक्षात आलं की चित्र नसलेल्या पानावरसुद्धा त्या तेवढ्याच थांबतात, आणि त्यांचे डोळे उजवीकडून डावीकडं जातात. मी कोणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. शिवकन्या आत जेवत होती. मी नक्कल त्यांच्यापुढं केली आणि म्हटलं, आज्जी, हे जरा बघता का.

"मला कुठलं येतंय लेकी," त्या म्हणाल्या. "मी काय साळंत गेलते का?"

पण मी कागद उलटा धरला होता, आणि त्यांनी बोलता बोलता तो हातात घेऊन सुलटा केला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. त्यांनी आत शिवकन्येच्या दिशेनं एकदा मान वळवली, मग चष्मा पदरानं पुसला.

"बी.ए. झालीस ना गं तू? इतिहासात?"

"हो."

"आन् उलटा धरतीस."

मग त्यांनी वाचलं. नाव, बाप, गाव, कौम. तारखेपाशी बोट थांबलं. "बारा अमरदाद," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अमरदाद कोण? त्या म्हणाल्या, कोण न्हाई, महिना. आणि लहान मुलींनी पाढे म्हणावेत तसे एका दमात बारा महिने म्हणून दाखवले. आजर, दै, बहमन, इस्फंदार, असे. निजाम सरकारचं साल फसली होतं, हिजरी नव्हे. हिजरीत मोहरम, सफर असे महिने येतात. अमरदाद हिजरीत नाहीच. भाषांतर करणाऱ्याला तो ओळखीचा वाटला नाही म्हणून त्यानं अवाचनीय लिहिलं. आणि आकड्याच्या शेवटी वर एक ठिपका असलेलं बारीकसं अक्षर होतं, जे मला शाईचा डाग वाटलं होतं.

"हे फसलीचं अक्षर हाय. हिजरी असती तर इथं दोन डोळ्याचं अक्षर असतं. फसलीत पाचशे नव्वद घालायचे. साल बदलतं आजरला, म्हंजी आपल्या ऑक्टोबरात, आन् अमरदाद येतो जूनमदी. म्हून त्यात अजून एक."

मी बोटांवर हिशोब केला. १९३८. जून महिना. सुंदरराव सहा वर्षांचे. बालवर्गात घालायचं तेच वय, तोच महिना. मी हिशोब पुन्हा केला, तोच आला.

उमाबाईंनी मला पाणी दिलं आणि एक अट घातली. हे मी वाचलं असं कोणाला सांगायचं नाही. घरातसुद्धा नाही. मी पटकन हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

पण मैनोद्दीन सरांकडं गेलो तेव्हा गाडी अडली. माणूस सज्जन, पस्तिशीचा, नीट ऐकून घेणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कोणी? आदिनाथ म्हणाले, मिळाली माहिती. सर म्हणाले, भाऊ, माझा शिक्का आहे त्यावर. उद्या समितीनं विचारलं तर मी काय सांगू, कोणीतरी म्हणालं? फसली साल असतं हे मला माहीत आहे, पण आमचं शिक्षण हिजरीचं, ती सवय डोक्यात बसलेली. ज्यांनी वाचलं त्यांना आणा, माझ्यासमोर वाचू द्या, मी लगेच दुरुस्त करून देतो.

घरी येताना आदिनाथ माझ्यावर चिडले. नाव सांगायला काय होतंय म्हणाले. मी दिलेला शब्द मोडला नाही, पण खरं सांगते, युसूफ वडगावच्या फाट्यापर्यंत येईतो मनात तो चार वेळा मोडला होता. सुनावणीला पाच दिवस राहिले होते.

मी पुन्हा दुकानात गेले. मागितलं काही नाही. फक्त सर काय म्हणाले ते सांगितलं. उमाबाई शिवकन्येला म्हणाल्या, तू बस दुकानात, मी आदिनाथच्या घरी जाऊन येते. त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं ते मला ऐकायला मिळालं.

त्यांचे वडील सिद्धलिंगअप्पा निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर मोहरीर होते. नोंदी ठेवणारे कारकून. बार्शी तेव्हा इंग्रजांकडं आणि आपला बालाघाट निजामाकडं, मधे सरहद्द. आज बार्शीला जाताना कोणाला ती रेघ दिसत नाही. तेव्हा त्या रेघेवर बांबूचा आडणा, एक पत्र्याची खोली आणि एक चिंचेचं झाड होतं. मीठ, कापड, काडेपेट्या, सगळ्यांवर जकात. लग्नाची वऱ्हाडं आली की बायका तीन-तीन लुगडी एकावर एक नेसून यायच्या, आणि अप्पा खाली मान घालून लिहीत बसायचे, उन्हाळ्यात इतक्या जाड बायका कशा असं कधी विचारायचे नाहीत. नाक्यावरचा अमीन, म्हणजे मुख्य अधिकारी, वरंगळकडचा, तेलुगू बोलणारा. उमाबाईंची आई बिदरकडची, घरात कानडी. गाडीवान मराठी. रजिस्टर उर्दूत. नाक्यावरच्या शाळेचे मौलवीसाहेब होते, त्यांच्या बायकोनं उमाबाईंना अलीफ बे शिकवलं, कारण तिला मूल नव्हतं आणि दुपारी करमायचं नाही. उमाबाईंनी तिला भाकरी थापायला शिकवलं. "तिची भाकर लई जाड व्हायची," एवढं सांगून त्या जराशा हसल्या.

१९४८ चा पावसाळा. रझाकार आले, नाक्याजवळच्या वाडीतले दोन वाडे लुटले, एका माणसाला झाडाला बांधून मारलं. अप्पांना त्यांनी काही केलं नाही, सरकारी माणूस म्हणून. हेच पुढं त्यांच्या अंगाशी आलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि पुढच्या आठवड्यात वाडीतली माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाली ती मौलवीसाहेबांच्या घराकडं. मौलवीसाहेबांनी कोणाचं काही केलं नव्हतं. अप्पांनी नवरा-बायकोला तीन दिवस कडब्याच्या खोलीत ठेवलं. चौथ्या दिवशी गाडीत कडब्याखाली घालून दूर पोचवलं. त्यांचं पुढं काय झालं, कळलं नाही.

आमच्या गावात या सगळ्याच्या दोन गोष्टी सांगतात. एक ऑगस्टपर्यंतची, एक सप्टेंबरनंतरची. सांगणारी माणसं वेगळी, आणि एकानं दुसऱ्याची अर्धी कधी सांगितलेली मी ऐकलेली नाही. मी बी.ए.ला दोन्ही मिळून सात ओळी वाचल्या होत्या. उमाबाईंना दोन्ही अर्ध्या सलग माहीत होत्या, मधे श्वास न घेता.

पुढं लोक अप्पांना निजामाचा माणूस म्हणायला लागले. नोकरी गेली. एका दुपारी त्यांनी घरातले सगळे उर्दू कागद अंगणात जाळले आणि मुलीला बजावलं, तुला हे येतं असं सासरी कोणाला कळू देऊ नको. सोळाव्या वर्षी त्या युसूफ वडगावात आल्या. नवऱ्याला एकदाच कळलं, पुडीचा कागद वाचताना. तोही म्हणाला, गप ऱ्हा. पुढं लेकरं झाली, नातवंडं झाली. तोवर लपवायचं कारण कोणाच्या ध्यानात उरलं नव्हतं, लपवण्याची सवय तेवढी राहिली.

मी म्हटलं, आज्जी, तुम्ही नाही आलात तरी मला वाईट वाटणार नाही. हे खोटं होतं. त्यांना ते कळलं असावं.

"बापानं कागद जाळले," त्या म्हणाल्या. "त्याला भ्याव होतं, बरोबर होतं त्याचं. पर माझं डोसकं काय त्याला जाळता आलं न्हाई. कवा जायाचं केजला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इरकली लुगडं नेसलं. शिवकन्येला कारण सांगितलं तेव्हा ती हातातला तराजू तसाच धरून उभी राहिली. "आज्जी, तुला उर्दू येतं? आन् मी दहावीला हिंदीत नापास झाले तवा तू मला काय काय बोलली होतीस."

"हिंदीचं बोलले होते. उर्दूचं न्हाई."

केजला मैनोद्दीन सरांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, कपाळावरचं भस्म बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. आदिनाथ थट्टा करतायत की काय असा चेहरा केला. उमाबाईंनी विचारलं नाही, खुर्ची ओढून बसल्या, कागद जवळ घेतला आणि वाचायला लागल्या. सुंदररावांची ओळ नुसती नाही, अख्खं पान. वरच्या ओळीतला मुलगा, खालच्या ओळीतला मुलगा, शेरा, सदर मुदर्रिसची म्हणजे मुख्याध्यापकाची सही. त्यांचा उच्चार वेगळाच होता, जुना, मधेच मराठीच्या वळणावर जाणारा. सर पहिल्या ओळीला उभे होते. तिसऱ्या ओळीला बसले. महिन्यांची नावं आली तेव्हा ते स्वतः लिहून घ्यायला लागले. शेवटी त्यांनी आतून एक जुनी जंत्री, म्हणजे साल-तारखांचं पंचांग, काढली, त्यांच्या आजोबांची, आणि दोघांनी मिळून तारीख ताडून बघितली. १७ जून १९३८.

"अम्मा," सर म्हणाले, "मी आत्तापर्यंत अकरा कागद केलेत."

उमाबाई म्हणाल्या, "मंग अकरा जणांचे आजे जन्माच्या आधी साळंत गेले असतील."

ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी आमचं काम आधी केलं. नवीन भाषांतर लिहिलं, महिना लिहिला, फसली लिहिलं, जुन्या भाषांतरातली चूक स्वतःच्या हातानं कबूल केली आणि खाली शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते बाकीच्या दहा जणांचे फोन नंबर शोधत होते.

सुनावणीच्या दिवशी मी तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही. आत आदिनाथ आणि तेजश्री गेले, मी बाहेर बाकावर. शेजारी एक बाई होती, तिच्याकडंही अशीच फाईल. दार उघडलं की दोघींची मान एकदम वर जायची. आत अधिकाऱ्यांनी दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवली, रजिस्टराची मूळ नक्कल बघितली, आणि त्याच पानावरच्या दुसऱ्या मुलांच्या तारखा तपासल्या. सगळ्या अमरदादच्या. एका महिन्यात अख्खा वर्ग भरलेला, म्हणजे शाळा सुरू व्हायचा महिना. त्यांनी तेजश्रीला एकच प्रश्न विचारला, आजोबा कुठं शिकले? ती म्हणाली, धारूरला, मामाकडं. त्यांनी मान हलवली.

चार दिवसांनी वैधता आली. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी. तेजश्रीनं माळ्यावरची बॅग काढली तेव्हा तिच्यावर पाल बसलेली होती, आणि ती पशुवैद्यकीयला निघालेली मुलगी इतकी ओरडली की शेजारचे धावत आले. मी कितीतरी दिवसांनी पोटभर हसले.

संध्याकाळी पेढे घेऊन मी पेठेत गेले. उमाबाईंनी पेढा शिवकन्येला दिला, त्यांना साखर वर्ज्य आहे. मी सगळं सांगितलं, अधिकाऱ्यांनी काय बघितलं, कसं बघितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, ती ऐकत होती, आणि उमाबाईंनी मला गप्प केलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, म्हणजे तुमाला वाचता येतं का हो? त्या म्हणाल्या, येतंय की, कावून?

मग मी भीत भीत विषय काढला. मैनोद्दीन सरांचा फोन आला होता. बाकीच्या दहांपैकी तिघांच्या तारखांबद्दल त्यांना शंका आहे, कागद फाटके आहेत, ते इथं येऊन दाखवू का म्हणून विचारत होते.

उमाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"येऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "पर सोमवारी नगं. सोमवारी माझा उपास असतो, डोळं लवकर दुखत्यात."